निब घासून घ्यायची म्हणजे काय, आणि मराठी लिहिणाऱ्यानं ती कशी घासून घ्यावी?

शाईपेन वापरणारे लोक एकत्र आले की हल्ली एक शब्द हमखास कानावर पडतो: ग्राइंड. "ही निब मी स्टबला ग्राइंड करून घेतली", "आर्किटेक्ट करून घे, बघ अक्षर कसं बदलतं". ज्याच्या कानाला ही भाषा नवी आहे तो चक्रावतो. कोऱ्या करकरीत पेनाची निब मुद्दाम घासायची? आणि त्यासाठी कधीकधी पेनाच्या किमतीइतके पैसे मोजायचे?

शंका रास्त आहे. त्यात आणखी एक अडचण आहे, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. निब घासण्याबद्दल जे लिहिलं-दाखवलं जातं ते जवळजवळ सगळं रोमन लिपी लिहिणाऱ्यांसाठी असतं. मराठी लिहिणाऱ्यानं तोच सल्ला जसाच्या तसा उचलला तर पैसे जातात आणि अक्षर होतं तिथंच राहतं. म्हणून आधी मुळापासून समजून घेऊ, मग आपल्या अक्षराकडे येऊ.

कागदाला नेमकं काय टेकतं?

निब म्हणजे पत्र्याचा एक छोटा वाकवलेला तुकडा, स्टीलचा किंवा सोन्याचा. 14 कॅरटच्या निबवर '585' असा ठसा असतो, म्हणजे त्यात 58.5 टक्के सोनं. मधोमध एक बारीक चीर असते आणि तिच्यामुळे निबचे दोन भाग होतात. त्यांना इथं पाती म्हणू. खाली जीभ असते. ती शाई आणून चिरेपाशी पोचवते, आणि चीर अरुंद असल्यामुळे शाई आपोआप टोकापर्यंत खेचली जाते. 1884 मध्ये पेन बनवणाऱ्या लुईस वॉटरमननं अमेरिकेत पेटंट घेतलं ते याच जिभेच्या रचनेचं. शाई खाली यायची तर तेवढी हवा वर जायला हवी, ही त्यातली खुबी.

पण कागदाला स्टील टेकत नाही, सोनंही टेकत नाही. दोन्ही पात्यांच्या अगदी टोकाला एका कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो, जेमतेम एक मिलिमीटरचा. पूर्वी त्यात इरिडियम असायचं म्हणून आजही त्याला सर्रास इरिडियमच म्हणतात. प्रत्यक्षात आजच्या मण्यात बहुधा ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन असे धातू असतात. सोन्याची निब गुळगुळीत लिहिते म्हणून ती घ्या, असं दुकानात सांगतात, त्यात म्हणूनच फारसं तथ्य नाही. सोन्यामुळे निबला थोडी लवचीकता येऊ शकते, पण कागदावरून सरकतो तो मणी, आणि तो स्टीलच्या निबवरही तसाच असतो.

निब घासणं म्हणजे या मण्याचा आकार बदलणं. बाकी निबला हात लागत नाही.

आकार बदलला की रेघ का बदलते?

शाळेतला खडू आठवा. नवा खडू कसाही फिरवला तरी रेघ साधारण सारखीच येते. फळ्यावर लिहून लिहून त्याला एक चपटी बाजू पडली की मात्र तो एका दिशेनं ओढला तर जाड रेघ देतो आणि दुसऱ्या दिशेनं बारीक. मण्याचंही असंच होतं. कारखान्यातून तो गोल येतो, कारण कंपनीला ठाऊक नसतं की पेन कोण, कसं धरणार आहे. गोल मणी कुणालाही चालतो. त्याची किंमत म्हणजे सगळीकडे एकसारखी, भाव नसलेली रेघ.

मणी घासून चपटा केला की रेघेत जाड-बारीक येतं. समोरची कड सरळ केली आणि कोपरे गोलसर ठेवले तर ती स्टब. तेच कोपरे धारदार ठेवले तर इटॅलिक. हिच्यात फरक जास्त उठून दिसतो, पण पेन जरा वाकडं धरलं की कोपरा कागदात रुततो. कड पेनाला काटकोनात न ठेवता तिरकी घासली तर ऑब्लिक. आणि मणी आडवा चपटा करण्याऐवजी दोन्ही बाजूंनी निमुळता करून, पेनाच्या लांबीच्या दिशेनं लांबट केला तर आर्किटेक्ट. नुसती बारीक रेघ हवी असेल तर मणी सगळीकडून घासून लहान करतात. जपानच्या सेलर कंपनीत नोबुयोशी नागाहारा यांनी 'नागिनाता तोगी' या निबा घडवल्या. त्यात मणी असा लांबट घासलेला असतो की पेन उभं धरलं तर रेघ बारीक येते आणि आडवं झोपवलं तर जाड.

एवढ्या नावांवर आपलं काम भागतं.

आपल्या अक्षराचा हिशेब वेगळा आहे

खरा मुद्दा इथं आहे.

उजव्या हातानं लिहिणारा बहुतेक माणूस पेन असं धरतो की पेनाचं मागचं टोक उजव्या खांद्याकडे झुकतं. स्टबची कड पेनाला काटकोनात असते. म्हणजे कागदावर ती खालून डावीकडून वर उजवीकडे जाणाऱ्या तिरक्या रेषेवर टेकते. त्या दिशेनं पेन ओढलं की रेघ बारीक, आणि वरून डावीकडून खाली उजवीकडे आणलं की जाड. इंग्रजी 'ओ' असा काढला तर त्याची वरची डावी आणि खालची उजवी बाजू बारीक दिसते. रोमन लिपीचं जुनं सुलेखन याच कोनावर उभं आहे, आणि म्हणूनच इंग्रजी लिहिणाऱ्याला स्टब लगेच आवडते.

देवनागरीचं वळण बोरूनं घडवलं, आणि बोरूचं टोक उलट्या अंगानं तिरकं कापतात. बोरूनं काढलेला 'ठ' पाहा. त्याच्या गोलात वरची डावी आणि खालची उजवी बाजू जाड असते, म्हणजे इंग्रजी 'ओ'च्या बरोबर उलट. छापील देवनागरीतही हेच वळण उतरलं. जावजी दादाजींनी मुंबईत 1869 मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचा टाइप ज्यांच्या डोळ्यांखालून गेला आहे, त्यांना हे जाड-बारीक वेगळं सांगावं लागत नाही.

आता स्टब घेऊन मराठी लिहा. अक्षर वाईट दिसेल असं नाही, पण जाड-बारीक भलत्याच ठिकाणी येतं. 'ठ', 'व', 'ळ' यांचे गोल डोळ्याला किंचित परके वाटतात. कुणी दाखवून देईपर्यंत कारण कळत नाही, नुसतं वाटत राहतं की काहीतरी बिनसलंय.

आर्किटेक्टची कड पेनाच्या लांबीच्या दिशेनं असते. नेहमीसारखं पेन धरलं तर ती कड वरून डावीकडून खाली उजवीकडे टेकते. म्हणजे बोरूची दिशा आपोआप साधते. हा आकार हिब्रू किंवा अरबी लिपीच्या नावानंही ओळखला जातो. मराठीसाठी त्याची शिफारस क्वचितच होते, आणि माझ्या मते रोज हातानं मराठी लिहिणाऱ्यानं आधी याचाच विचार करावा. पेन जितकं उभ्या ओळीच्या जवळ धराल, म्हणजे मागचं टोक जितकं स्वतःकडे असेल, तितकी आडवी रेघ जाड आणि उभी रेघ बारीक होत जाते. अशा हाताला शिरोरेघ ठसठशीत आणि काना नाजूक येतो. काहींना हे फार आवडतं, काहींना शिरोरेघ जड वाटते. आपला हात कुठल्या कोनात असतो ते आरशात नाही, फोटोत दिसतं. लिहिताना कुणाकडून तरी वरून एक फोटो काढून घ्यावा.

मग ऑब्लिक का नको? कारण बाजारात मिळणारी ऑब्लिक कडेला थोड्याच अंशांनी वळवते. रोमनच्या कोनातून देवनागरीच्या कोनात यायचं तर जवळजवळ काटकोनात वळावं लागतं, आणि तेवढं ऑब्लिकच्या आवाक्यात नाही.

जाडी किती हवी?

कोणताही आकार असो, मराठीत जाडीची मर्यादा फार कडक आहे. रेघी वहीत दोन ओळींमध्ये साधारण 8 मिलिमीटर जागा असते. इंग्रजी अक्षराला त्यातली बरीच मिळते. आपल्याला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार बसवायचा, खाली उकार आणि ऋकार. मधल्या अक्षराला उरतात तीन-साडेतीन मिलिमीटर. त्यात 'ष्ट्र' किंवा 'द्ध्य' उभं करायचं.

कारखान्यातून तयार मिळणारी स्टब बहुधा 1.1 मिलिमीटरची असते. त्या रेघेनं 'महाराष्ट्र' लिहून पाहा, 'ष्ट्र'मधली पांढरी जागा शाईनं भरून जाते. 'क्ष'ची गाठ, 'ळ'चे दोन डोळे, 'श्र'चं वळण, सगळं बुजतं. रोजच्या मराठीसाठी जाड रेघ 0.7 ते 0.8 आणि बारीक रेघ 0.3 ते 0.4 मिलिमीटर यापलीकडे जाऊ नये, असं मला वाटतं. पत्रिका, मानपत्र किंवा फलकासाठी लिहायचं असेल तर गोष्ट वेगळी.

कारागीर करतो तरी काय?

चांगला कारागीर पहिल्यांदा घासतच नाही. तो दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून निब समोरून बघतो. दोन्ही पाती एका पातळीत आहेत का? एक पातं केसभर वर असेल तर निब एका दिशेला खरखरते, आणि माणसाला वाटतं निबच वाईट. ते नखानं किंवा बोटानं हलकेच दाबून सरळ करता येतं. मग चीर. ती घट्ट असेल तर शाई कमी येते. पितळेचा 0.05 मिलिमीटरचा पत्रा चिरेतून अलगद फिरवून ती मोकळी करतात.

तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची. मणी कारखान्यात जास्त पॉलिश झाला की चिरेच्या आतल्या दोन्ही कडा गोल होतात. शाई चिरेत येऊन थांबते, कागदापर्यंत पोचत नाही. पेन गुळगुळीत वाटतं, पण प्रत्येक शब्दाचा पहिला फटकारा कोरा जातो. मराठीत हे फार जाणवतं. आपण काना वेगळा काढतो, शिरोरेघ वेगळी ओढतो, मात्रा वेगळी देतो. दर वेळी पेन उचलून पुन्हा टेकवायचं, आणि दर वेळी ते अडतं. याला इलाज घासण्याचाच. मण्याचा खालचा थर किंचित उतरवला की कडा पुन्हा कागदाजवळ येतात.

या जुळवाजुळवीला ट्यूनिंग म्हणतात, आणि ग्राइंड करायला आलेल्या पुष्कळ लोकांना खरं तर एवढंच हवं असतं. ते आधी करून घ्यावं. महिनाभर लिहावं. मग आकार बदलायचा की नाही ते ठरवावं.

आकार बदलायचाच असेल तर काम असं चालतं. फिरत्या बारीक चाकावर किंवा दगडावर मणी एक-दोन सेकंद टेकवायचा, भिंगातून बघायचा, शाईत बुडवून दोन ओळी लिहायच्या, पुन्हा टेकवायचा. उष्णता वाढू नये म्हणून मध्ये पाणी. मूळ आकार आला की जास्त जास्त बारीक कणांच्या फिल्मवर, म्हणजे पॉलिशपेपरसारख्या पातळ पट्टीवर, घासत जायचं, शेवटी एक मायक्रॉनपर्यंत किंवा त्याहूनही खाली. फिल्मवर निब इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवतात, म्हणजे सगळ्या कडा सारख्या झिजतात. कोपऱ्यांना हलकी गोलाई देतात. शेवटी शाईचा ओघ पुन्हा जुळवावा लागतो, कारण कागदाला टेकणारा भाग बदलला की लागणारी शाईही बदलते. एवढ्याशा मण्यावर हे सगळं चालतं, आणि दोन पात्यांवरचा अर्धा-अर्धा मणी अखेर हुबेहूब जुळावा लागतो. पैसे या हाताचे असतात.

"पण निब लिहून लिहून हाताला बसतेच की"

आपल्या सगळ्यांना शाळेत ऐकवलेलं आहे: पेन दुसऱ्याला देऊ नये, निब बिघडते. त्या काळी यात तथ्य होतं. स्वस्त शालेय पेनांच्या निबांना बरेचदा वेगळा कठीण मणी नसायचाच, स्टीलचं टोकच दुमडून गोल केलेलं असायचं. ते वहीच्या खरखरीत कागदावर भराभर झिजायचं, आणि झिजायचं ते लिहिणाऱ्याच्या कोनात. दुसऱ्यानं वेगळ्या कोनात धरलं की खरखर.

कठीण मण्याची निब अशी काही महिन्यांत बसत नाही. तिला झिजायला वर्षानुवर्षांचं लिखाण लागतं. मित्राला सही करायला पेन दिल्यानं तिचा आकार बदलत नाही. त्यानं बॉलपेनसारखा जोर दिला तर पाती फाकू शकतात, धोका असलाच तर तो. आजोबांचं जुनं पेन हाताला छान लागतं ते त्यांनी त्यावर आयुष्यभर लिहिलेलं असतं म्हणून. कारागीर तीच झीज एका बैठकीत, तुमच्या कोनासाठी घडवतो.

"घरी नाही का करता येणार?"

चिरेतून दाढीचं ब्लेड फिरवणं, निब काचेवर घासणं, फरशीवर घासणं हे उद्योग मुंबईतल्या कितीतरी शाळांत झाले आहेत. दुमडलेल्या स्टीलच्या निबला ते थोडेफार चालून जायचे. मण्याच्या निबवर करू नका. ब्लेड चिरेच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पाडतं आणि पाती कायमची फाकवतं.

शिकायचंच असेल तर स्वस्त स्टीलच्या निबा घ्या, भिंग घ्या, सर्वांत बारीक फिल्म घ्या, आणि एका वेळी दोन-तीन फेऱ्यांपलीकडे जाऊ नका. गुळगुळीतपणाच्या मोहात लोक घासत राहतात आणि वर सांगितलेला कडा गोल होण्याचा दोष स्वतःच्या हातानं ओढवून घेतात. थोडीशी जाणवणारी घासण चांगली असते. आपल्या खालीवर जाणाऱ्या लिपीला ती पकड देते.

कोणती निब द्यावी?

घासून मणी कमीच होतो, वाढत नाही. जाड निबची बारीक करता येते, बारीकची जाड नाही. म्हणून आकार हवा असेल तर निब ब्रॉड किंवा निदान मीडियम घ्यावी. जपानी निबा त्याच नावाच्या युरोपीय निबांपेक्षा साधारण एक पायरी बारीक असतात, हे लक्षात ठेवावं. जपानी फाइनवर आर्किटेक्ट करायला जागाच उरत नाही. नवा मणी बसवून देणारे कारागीर जगात मोजके आहेत, म्हणजे चुकलेलं काम व्यवहारात कायमचं. एकदा निब घासली की कंपनीची वॉरंटीही बहुधा संपते.

सोन्याच्या किंवा घरातल्या जुन्या निबवर पहिला प्रयोग करू नये. अनेक पेनांत 'नंबर 6' मापाची निब असते. योवो, बॉक या जर्मन कंपन्यांच्या स्टीलच्या निबा सुट्या मिळतात आणि बऱ्याच भारतीय हातबनावटीच्या इबोनाइट (कडक रबराच्या) पेनांत बसतात. अशी एक ब्रॉड निब घ्यावी, ती घासून घ्यावी, नाही आवडली तर काढून मूळची लावावी. मुंबईत बनणाऱ्या एअरमेल-वॅलिटीसारख्या पेनांवर ज्यांचा जीव आहे त्यांनी कारागिराला आधी विचारावं, की या निबला घासण्याइतका मणी आहे का.

त्याला सांगायचं काय?

"स्टब करून द्या" एवढं म्हणून पेन ठेवून येऊ नये. आपल्या नेहमीच्या वहीचा कागद आणि नेहमीची शाई बरोबर न्यावी. शाईनंही रेघ बदलते, काही शाया ओल्या वाहतात, काही कोरड्या. कॅम्लिनची साधी निळी वापरत असाल तर तीच न्या, चाचणीसाठी म्हणून भारीतली नको. शक्य असेल तर समोर बसून लिहावं, म्हणजे कोन, दाब आणि वेग त्याला दिसेल. कुरियरनं पाठवत असाल तर लिहितानाचा फोटो किंवा व्हिडिओ द्यावा. डावखुरे असाल तर ते पहिल्याच वाक्यात सांगावं, कारण वरचे सगळे कोन तुमच्यासाठी बदलतात.

आणि नमुना मराठीत लिहून द्यावा. कारागीर देवनागरी न वाचणारा असेल तर जास्तच आग्रहानं. 'महाराष्ट्र, ज्येष्ठ, बुद्धी, कुऱ्हाड, क्षितिज, बाळकृष्ण' एवढे शब्द पुरेत. यात गाठी आहेत, गोल आहेत, तीन मजली जोडाक्षरं आहेत. शेजारी इंग्रजीतली सही द्यावी, कारण आपल्यातले बहुतेक जण एकाच पेनानं दोन्ही लिहितात. दोन्ही लिपी सारख्याच महत्त्वाच्या असतील तर तसं स्पष्ट सांगावं. मग सौम्य, गोल कोपऱ्यांचा आकार किंवा नुसती छान ट्यून केलेली गोल निबच बरी. आर्किटेक्टनं काढलेली इंग्रजी अक्षरंही वेगळीच दिसतात, कुणाला रुचतात, कुणाला नाही.

काम हातात आलं की पहिल्या आठवड्यात भरपूर लिहावं आणि काही खुपत असेल तर लगेच परत दाखवावं. दुसऱ्या फेरीतली बारीक दुरुस्ती बरेच कारागीर त्याच पैशांत करून देतात, पण ते आधी विचारून घ्यावं. निब पावसाळ्यात करून घेत असाल तर आणखी एक पाहावं. मुंबईच्या दमट हवेत कागद ओलावा धरतो आणि तीच रेघ जुलैत जानेवारीपेक्षा जाड उमटते, साध्या वहीच्या कागदावर तर फारच. त्यामुळे नमुन्याचा कागद कपाटात जपून ठेवलेला नसावा, टेबलावर उघड्यावर पडलेला असावा, आणि त्यावर 'ष्ट्र' मोकळा राहतो का ते बघून मगच जाडी पक्की करावी.